छाप्याच्या आधीची जबाबदारी : रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना दासगावहून खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी, रायगड,
अध्यक्ष, जिल्हास्तरीय अमली पदार्थविरोधी समन्वय समिती,
अलिबाग.

विषय : महाड औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांची संयुक्त तपासणी आणि अमली पदार्थांच्या प्रश्नात गावांचा सहभाग.

महोदय,



जुलै २०२५ मध्ये महाड औद्योगिक वसाहतीत, जिते गावाजवळच्या एका रासायनिक कारखान्यात रायगड पोलिसांनी केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मदतीने केटामाइनचा साठा पकडला. त्याची किंमत सुमारे ८९ कोटी रुपये सांगण्यात आली. ज्या पोलिसांनी हे काम केले त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. अशा कारवाईत जोखीम असते आणि त्यामागे महिनोन्‌महिन्यांची पाळत असते, याची आम्हाला जाणीव आहे.

पण छापा पडला त्या दिवशी आमच्या गावात जो प्रश्न विचारला गेला, तो अजून कुणी सोडवलेला नाही. कारखान्याला वीज होती, पाणी होते, रस्ता होता. ड्रम आत येत होते, गाड्या बाहेर जात होत्या. औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक गाळ्याची नोंद कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्यालयात असते. मग आत काय शिजते आहे हे कळायला पोलिसांच्या खबऱ्याची वाट का पाहावी लागली? छापा ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या कोणाच्या, हे विचारण्यासाठी हे पत्र.

पत्र दासगावहून का, तेही सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या गावातून जातो आणि सावित्रीची खाडी गावाला लागून आहे. महाडच्या कारखान्यांना लागणारा माल आमच्या समोरून जातो. त्यांच्या सांडपाण्याची चिंता खाडीत जाळे टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वाहिली आहे. आमची मुले त्याच कारखान्यांत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून कामाला जातात. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बोटीने याच दासगाव बंदरात उतरले, तेव्हा पोलीस अधीक्षकांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे पत्र इथेच त्यांच्या हाती दिले होते. हजारो सत्याग्रही त्यांच्या स्वागताला उभे होते. सार्वजनिक प्रश्नावर जिल्ह्याच्या प्रमुखाशी समोरासमोर बोलणे या गावाला नवे नाही.

महाडचा छापा एकटा नाही. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीतून कित्येक टन इफेड्रिन पकडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना उद्ध्वस्त केला. त्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादच्या पोलिसांनी पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापा टाकला. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खोपोलीजवळच्या ढेकू गावात रायगड पोलिसांनी आधी ८५ किलो मेफेड्रोन पकडले. पुढच्या तपासात हाती आलेला साठा धरून त्या प्रकरणाची किंमत ३०० कोटींच्या वर गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांची कारवाई कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यापर्यंत पोहोचली आणि दिल्ली, सांगलीपर्यंतचे साठे उघड झाले.

या प्रकरणांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शिंदे गावच्या कारखान्याचा माग मुंबईत पकडलेल्या थोड्या मालापासून लागला. कुरकुंभचा माग पुण्यात पकडलेल्या विक्रेत्यांपासून लागला. शहरातल्या गल्लीत पुडी सापडली आणि तिचा धागा धरून पोलीस उलटे चालत कारखान्यापर्यंत आले. तोवर त्या कारखान्यातून किती माल निघून गेला असेल आणि तो कोणाच्या घरात पोहोचला असेल, याची मोजदाद कोणी करू शकत नाही. ज्या औद्योगिक वसाहतींवर अर्धा डझन खाती देखरेख करतात, तिथून पहिली सूचना यायला हवी होती. ती शहरातल्या पोलीस ठाण्यातून आली.

शासन काहीच करत नाही, असे आमचे म्हणणे नाही. राज्यात अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स उभा राहिला आहे आणि त्यासाठी ३४६ पदे मंजूर झाली आहेत. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संघटित गुन्हेगारीविरोधी १९९९ च्या मोक्का कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांच्या गुन्ह्यांनाही त्याची कलमे लागू करण्याची वाट मोकळी केली. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा एनडीपीएस कायदा मुळातच कडक आहे. मेफेड्रोन ५० ग्रॅम किंवा केटामाइन ५०० ग्रॅम म्हणजे कायद्याच्या भाषेत व्यापारी प्रमाण, आणि त्याला किमान १० वर्षांची सक्तमजुरी. आपली जागा जाणूनबुजून अशा कामासाठी वापरू देणाऱ्या मालकालाही कलम २५ खाली तीच शिक्षा आहे. पैसा पुरवणाऱ्यासाठी कलम २७ अ आहे आणि कटात सामील असणाऱ्यासाठी कलम २९.

शस्त्रे पुरेशी आहेत. पण ही सगळी शस्त्रे गुन्हा घडल्यानंतर चालतात. मोक्का लावायला टोळी लागते, टोळीचे आधीचे गुन्हे लागतात, न्यायालयात गेलेली आरोपपत्रे लागतात. रिकाम्या गाळ्यात नव्याने भट्टी लावणाऱ्याला मोक्का अडवत नाही. त्याला अडवू शकतो तो वेळेवर दार ठोठावणारा निरीक्षक.

इथे केटामाइनची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मेफेड्रोनला, म्हणजे लोक ज्याला एमडी म्हणतात त्याला, वैद्यकात मान्य असा काही उपयोग नाही. केटामाइनचे तसे नाही. ते भूल देण्याचे औषध आहे, माणसांच्या आणि जनावरांच्या शस्त्रक्रियेत वापरले जाते, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. भारतात २०११ पासून ते एनडीपीएस कायद्याखाली आणि २०१३ पासून औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये आहे. म्हणजे ते कोणी बनवायचे, किती बनवायचे आणि कोणाला विकायचे, हे सारे परवान्यावर चालते. परवाना आहे का, एवढाच प्रश्न घेऊन कोणी त्या दारात गेला असता, तर उत्तर तिथेच मिळाले असते.

आता कारखान्याच्या कागदांकडे पाहू. भूखंड कोणाला दिला आणि त्यात पोटभाडेकरू आहे का, हे औद्योगिक विकास महामंडळाला माहीत असायला हवे. कोणते उत्पादन, महिन्याला किती टन, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेले असते. वर्षभरात किती कच्चा माल आला, किती माल तयार झाला, किती कचरा निघाला, याचे पर्यावरण विवरणपत्र कारखान्याने दरवर्षी सप्टेंबरअखेर मंडळाला द्यायचे असते. घातक कचरा कोणाकडे विल्हेवाटीला गेला याच्या पावत्या असतात. कामगार किती आणि धोकादायक रसायने कोणती, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. औषध असेल तर परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. वीज किती जळाली ते महावितरणला ठाऊक. माल कुठून आला आणि कुठे गेला ते जीएसटीच्या नोंदीत.

प्रत्येक खात्याकडे एकेक पान आहे, सगळी पाने एकत्र लावून वाचणारा कोणी नाही. उत्पादन बंद असल्याचे कागदावर दाखवणाऱ्या कारखान्याचे वीजबिल वाढत असेल, तर ती खूण महावितरणकडे पडून राहते. संमतीपत्रात रंगाचा मध्यवर्ती पदार्थ लिहिला असेल आणि ड्रम भलत्याच द्रावकाचे येत असतील, तर ती खूण जीएसटीत पडून राहते. विवरणपत्रातला कच्चा माल आणि तयार माल यांचा मेळ बसत नसेल, तर तो कागद मंडळाच्या फायलीत जातो. एकेकट्या खात्याला यात काही वावगे वाटणार नाही. सगळे कागद एका टेबलावर आले, तर सुट्टीच्या दिवशीही धुराडे का चालू आहे, हा प्रश्न पहिल्या तासात उभा राहील.

महोदय, ते टेबल आपले आहे. केंद्र सरकारने अमली पदार्थांच्या प्रश्नासाठी समन्वयाची जी यंत्रणा उभी केली, तिची जिल्हा पातळीवरची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. पोलीस अधीक्षकांना महावितरणकडून प्रत्येक गाळ्याचा वीजवापर मागवता येत नाही असे नाही, पण तो ते गुन्हा दाखल झाल्यावर मागवतील. गुन्ह्याच्या आधी, नेहमीची बाब म्हणून, सगळ्या खात्यांना एकत्र बसवण्याचा अधिकार या जिल्ह्यात आपल्याइतका दुसऱ्या कोणाकडे नाही.

हे होऊ शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि तालुक्याने माणसे गमावली. जुलै २०२१ मध्ये तळिये गाव दरडीखाली गेले, महाड शहर पुरात बुडाले. या दोन घटनांच्या मधल्या काळात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला, जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आले. आता पावसाळ्यापूर्वी सगळी खाती एकत्र बसतात, दरडप्रवण गावांची यादी निघते, ती जाहीर होते, लोकांना हलवायचे की नाही ते ठरते. सगळे बिनचूक होते असे नाही. पण डोंगर कोसळल्यावरच धावायचे, ही रीत आता उरलेली नाही. दरडीसाठी आपण जे शिकलो, ते कारखान्यांसाठी का नाही?

आणि हे फक्त अमली पदार्थांपुरते नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. ते अपघाताचे प्रकरण होते, गुन्हेगारीचे नव्हे. तरी शिकवण तीच. कुठल्या शेडमध्ये कोणते रसायन किती आहे, हे शासनाला आगाऊ आणि खरेखुरे माहीत असले पाहिजे. ज्या तपासणीने कामगाराचा जीव वाचेल, तीच तपासणी चोरून लावलेली भट्टी उघडी पाडेल.

यावर एक आक्षेप आम्हाला दिसतो, आणि तो खरा आहे. तपासणी वाढली की प्रामाणिक उद्योजकाला त्रास वाढतो आणि चिरीमिरीला नवे दार उघडते. महाडच्या वसाहतीने महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या हजारो घरांची चूल पेटती ठेवली आहे. तिथले बहुसंख्य कारखानदार नियमाने धंदा करतात आणि एका गाळ्यातल्या पापामुळे सगळ्या वसाहतीचे नाव खराब होते, हे त्यांनाही बोचते. म्हणून उद्योजकांच्या संघटनेलाही या कामात बरोबर घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे.

चिरीमिरीची भीती मात्र नुसती बोलून सोडून देण्यासारखी नाही. या जिल्ह्याने तिची किंमत मोजली आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरवलेला तस्करीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला आणि लाच ठरवून सोडून दिला. फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स आणि शस्त्रे उतरली आणि म्हसळ्याकडून पुढे गेली. १२ मार्च १९९३ ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. पोलिसांतले आणि कस्टम्समधले जे लोक पुढे टाडा न्यायालयात दोषी ठरले, त्यांच्यातल्या कित्येकांना गाड्यांत नेमके काय आहे ते माहीतही नसेल. नेहमीची तस्करी, नेहमीचा हप्ता, एवढाच हिशेब त्यांनी केला. संघटित गुन्हेगारी अशीच चालते. तिला सगळ्या व्यवस्थेला विकत घ्यावे लागत नाही, एक नाका विकत घेतला की पुरते.

त्यावरचा उपाय तपासणी बंद करणे हा नाही. तपासणी एकट्याच्या हाती न ठेवणे, हा आहे. तीन खात्यांचे तीन अधिकारी एकत्र गेले, तिथल्या तिथे एकाच अहवालावर तिघांनी सह्या केल्या, आणि अमुक तारखेला अमुक गाळ्याची तपासणी झाली एवढी नोंद सर्वांना पाहता आली, तर हप्ता ठरवणे कठीण होते. प्रामाणिक कारखानदाराला चार वेळा चार साहेबांना चहा पाजण्याऐवजी एकदाच दार उघडावे लागेल.

समुद्राची बाजूही विसरता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीवर्धनचे जीवना बंदर, हरिहरेश्वर आणि आसपासच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली आणि पोलिसांना गावोगावचे किनारे पिंजून काढावे लागले. आपल्या जिल्ह्याला समुद्र आहे, मुंबई जवळ आहे, महामार्ग आहे आणि रासायनिक वसाहतीही आहेत. या धंद्याला लागणारे सगळे एकाच जिल्ह्यात आहे. म्हणून रायगडची समिती इतर जिल्ह्यांच्या समित्यांसारखी चालून भागणार नाही.

आता आमच्या मुलांविषयी. कंपनीत हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला ड्रमवरचे नाव वाचता येते, पण त्या रसायनाचे पुढे काय होते ते त्याला कोणी सांगत नाही. रात्रपाळीला फक्त ठरावीक माणसे का बोलावतात, लेबल खरवडून का काढतात, तयार माल मोटारीच्या डिकीतून का जातो, हे त्याला दिसते. पण तो कोणाला सांगणार? ठेकेदाराला सांगितले तर काम जाते. पोलीस ठाण्यात गेला तर पहिली चौकशी त्याचीच होईल, ही भीती. उद्या छापा पडला तर शेडमध्ये सापडणार तोच. पैसा लावणारा दूरच्या शहरात बसलेला असेल. १९३३ या केंद्राच्या मानस हेल्पलाइनवर नाव न सांगता माहिती देता येते. पण ती आहे हे वसाहतीच्या फाटकावर कुठे लिहिलेले नाही, आणि दिल्लीच्या फोनवर बोलायला आमच्या मुलाला धीर होत नाही. त्याला ओळखीचा, विश्वासाचा, तालुक्यातला कोणी लागतो.

जी मुले नशेत अडकली आहेत, त्यांच्याबद्दलही कायदा दयाळू आहे. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४ अ सांगते की थोड्या मालासह सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. हे घराघरांत माहीत नाही. बदनामीच्या भीतीने आईवडील मुलाला मुंबईच्या नातेवाइकाकडे पाठवून देतात आणि आजार तिकडे वाढतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभे केले, तेव्हापासून महाराष्ट्राला माहीत आहे की व्यसनी माणूस बरा होऊ शकतो. ते ज्ञान महाड आणि पोलादपूरपर्यंत यायला अजून किती वर्षे लागावीत? विक्रेत्याला आणि व्यसनाच्या रोग्याला पोलिसांनी एकाच बाकावर बसवू नये, एवढी आमची विनंती आहे.

म्हणून आपल्या समितीकडे आमच्या मागण्या अशा :

१. महाड औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक रासायनिक आणि औषधी कारखान्याची, बंद पडलेल्या आणि पोटभाड्याने दिलेल्या गाळ्यांसह, एक एकत्रित यादी तयार करावी. सुरुवात बंद गाळ्यांपासून करावी.

२. महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक सुरक्षा संचालनालय, अन्न व औषध प्रशासन, महावितरण आणि जीएसटी विभाग यांच्याकडच्या नोंदी दर तीन महिन्यांनी एकमेकांशी ताडून पाहाव्यात. मेळ न बसणाऱ्या कारखान्याची संयुक्त तपासणी पंधरा दिवसांत व्हावी.

३. तपासणीचा एकच अहवाल, त्यावर सगळ्या अधिकाऱ्यांच्या सह्या. तपासाला बाधा येणार नाही एवढा भाग लोकांसाठी खुला असावा. समितीची बैठक कधी झाली आणि काय ठरले, हेही जाहीर व्हावे.

४. कामगारांना आणि गावकऱ्यांना माहिती देण्यासाठी तालुका पातळीवर एक जबाबदार अधिकारी नेमावा. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राहील याची लेखी हमी असावी. १९३३ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक प्रत्येक फाटकावर, एसटी स्थानकात आणि मिनिडोअरच्या थांब्यावर मोठ्या अक्षरांत लावावेत.

५. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक बसावेत. तो दिवस गावोगाव कळवावा.

६. पकडलेल्या प्रकरणात जागेचा मालक, भांडवल लावणारा आणि कागदावर सही करणारा अधिकारी, या तिघांचीही चौकशी व्हावी. फक्त शेडमध्ये सापडलेल्यांवर खटला थांबू नये.

यातली एकही मागणी नव्या कायद्याची नाही. मोठ्या निधीचीही नाही. आहेत त्या खात्यांनी आहे ते काम एकमेकांना दाखवून करावे, इतकेच आम्ही मागतो आहोत.

आणि आमचा वाटा आम्ही उचलू. आमच्या हद्दीत घर, शेड किंवा वाडी भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, याचा ठराव ग्रामसभेत मांडण्याची तयारी आहे. गावकीच्या आणि गावाच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यायला सांगू, कारण गणपतीला आणि शिमग्याला गावात येणारी पोरे आमचीच आहेत. खाडीचे पाणी अचानक वेगळ्या रंगाचे किंवा वासाचे झाले, तर ते पहिल्यांदा जाळे टाकणाऱ्यालाच कळते. त्याने दिलेली खबर कोणी गंभीरपणे घेणार असेल, तर तो देईल. आजवर त्याच्या तक्रारीचे काय झाले ते त्याने पाहिले आहे, म्हणून तो गप्प आहे. नशेच्या विळख्यात सापडलेल्या मुलाच्या घराला वाळीत टाकल्यासारखे वागवायचे नाही, हे आम्हाला आम्हालाच शिकवावे लागेल. ते काम सरकार करू शकत नाही आणि आम्ही ते सरकारवर ढकलणारही नाही.

महोदय, येत्या २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची ग्रामसभा आहे. त्या दिवशी आपण किंवा आपला अधिकार असलेला प्रतिनिधी, महामंडळाचा आणि प्रदूषण मंडळाचा अधिकारी आणि महाड एमआयडीसी पोलीस ठाण्याचे प्रभारी, असे सगळे मिळून दासगावला यावे. येताना बंद आणि पोटभाड्याने दिलेल्या गाळ्यांची यादी आणि पुढच्या तीन महिन्यांचे तपासणीचे वेळापत्रक आणावे. आम्ही भाषणे ठेवणार नाही, हारतुरेही नाहीत. यादी वाचली जाईल, प्रश्न विचारले जातील, जबाबदारी नावानिशी ठरेल आणि पुढच्या ग्रामसभेत तिचा हिशेब घेतला जाईल. आमच्याकडून काय होणार तेही त्याच इतिवृत्तात लिहा आणि त्याचा हिशेब आम्हालाही विचारा.

आपला विश्वासू,
दासगावचा एक रहिवासी
मु. पो. दासगाव, ता. महाड, जि. रायगड